बाटलीवर बाटलीचा उतारा?

दारूच्या व्यसनाने ग्रासलेल्या घरात बहुधा आणखी एका बाटलीचा खर्च निमूटपणे सोसला जातो. ती असते यकृताच्या टॉनिकची. आई किंवा पत्नी ती आशेने आणते. पिणाऱ्याला मात्र तीत अभय सापडते. अशा औषधांच्या वेष्टनांवर ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द झळकू लागल्यापासून या अभयाला विज्ञानाची मोहोर लाभल्याचा भास होतो. तो दूर करणे आवश्यक आहे.

मूळ कल्पना निराधार नाही. यकृतात मद्याचे विघटन होताना ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य आणि पेशींना इजा करणारी ऑक्सिजनची क्रियाशील रूपे निर्माण होतात. त्यांना निष्प्रभ करणाऱ्या ग्लुटाथायोनचा साठा सततच्या मद्यपानाने खालावतो. तेव्हा अँटिऑक्सिडंट बाहेरून पुरवावे, हा तर्क सरळच आहे. परंतु तर्काची खरी परीक्षा रुग्णशय्येपाशी होते. मद्यजन्य यकृतदाहात ‘ई’ जीवनसत्त्वाने रुग्णांचे प्राण वाचतात, असे चाचण्यांतून सिद्ध झाले नाही. युरोपात नावाजलेल्या सिलिमारिनचीही तीच कथा. फ्रान्समधील १७४ गंभीर रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. स्टेरॉइडच्या जोडीला एन-ॲसिटिलसिस्टीन शिरेतून दिल्यावर पहिल्या महिन्यातील मृत्यूंचे प्रमाण २४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. सहा महिन्यांनंतर मात्र दोन्ही गटांतील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. शिवाय तो रुग्णालयातील उपचार होता. दुकानातून आणून घरी घेण्याचे टॉनिक नव्हे.

‘आपल्या वनस्पतींचे काय?’ असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उपस्थित होईल. रत्नागिरीच्या परसातील रातांब्यात गार्सिनॉल हे अँटिऑक्सिडंट आहे. कुटकी आणि भुईआवळी यांचा यकृतविकारांत वापर पूर्वापार चालत आला आहे. त्यांचा अभिमान अवश्य बाळगावा. पण अभिमान हा पुराव्याला पर्याय नव्हे. आमसुलाचे सार जेवणाची लज्जत वाढवील, रोजच्या दारूचे पाप धुणार नाही. आणि ज्या आयुर्वेदाचा हवाला आपण देतो, त्याच्या चिकित्सेची पहिली पायरी आहे निदानपरिवर्जन, म्हणजे रोगाचे कारण दूर करणे. कारण पोटात ओतत राहून वर काढा घेणे, यास आयुर्वेद म्हणता येणार नाही.

यकृताची स्वतःला सावरण्याची शक्ती विलक्षण आहे. मद्य पूर्णपणे थांबवल्यास चरबी साठलेले यकृत काही आठवड्यांत पूर्ववत होऊ शकते. सिरॉसिस झालेल्या रुग्णाचेही आयुर्मान वाढते. मात्र अतिमद्यपीने दारू एकाएकी सोडल्यास झटके येण्याचा, भ्रम होण्याचा धोका असतो. म्हणून हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. व्यसनावरील उपचार हे मानसोपचारतज्ज्ञांचे क्षेत्र आहे आणि राज्याच्या मोजक्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीतच आहे. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवाही आहे. तरीही ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीने कुटुंबे मानसोपचारतज्ज्ञाचे दार टाळतात आणि औषधाच्या दुकानाची पायरी चढतात.

ही धास्ती मोडणे हे समाजाचे काम आहे. शेजारच्या घरातील व्यसनाची कुजबुज करण्याऐवजी त्या घरातील माउलीसोबत डॉक्टरांपर्यंत चार पावले चालणारे कार्यकर्ते गावोगावी हवेत. यकृताला टॉनिकपेक्षा त्या सोबतीची गरज अधिक आहे.