अपघाताचा वकील : दलाल नको, जाणकार हवा

माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातील कचारगडला गोंड बांधवांची मोठी यात्रा भरते. कोणी रेल्वेने दरेकसा स्टेशनवर उतरतो, कोणी जीपने येतो, कोणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दाटीवाटीने बसतो. आपल्या लग्नाच्या वराती आणि मजुरांच्या टोळ्याही अशाच जातात. अपघात होतो, घरचा कर्ता माणूस जातो आणि इस्पितळाच्या दारातच दलाल कागदावर अंगठा मागतो. म्हणून भरपाईचे काम करणारा वकील काय करतो, हे प्रत्येक घराला ठाऊक असावे, असे आम्हाला वाटते.

चांगला वकील कोर्टाच्या आधी कागदाकडे जातो. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, पोस्टमॉर्टेम अहवाल, गाडीचा विमा, चालकाचे लायसन्स आणि मृताच्या कमाईचा पुरावा तो आधी गोळा करतो. ट्रॉली मालवाहू असते. तीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी सहसा विमा कंपनीवर येत नाही, असे सुप्रीम कोर्टाने २००३ साली ठरवले. अशा वेळी मालकावरच बोजा येतो आणि त्याच्याकडून वसुली कठीण जाते. प्रामाणिक वकील हे पहिल्याच दिवशी सांगतो, दलाल सांगत नाही.

रकमेचाही हिशेब असतो. समजा, ३२ वर्षांचा मजूर महिना १२,००० रुपये कमावत होता. मागे पत्नी, दोन मुले व आई असे चौघे आहेत. २०१७ च्या निकालाप्रमाणे पुढील वाढीचे ४० टक्के धरून १६,८०० होतात. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करून १२,६०० उरतात. वर्षाचे १,५१,२०० रुपये. या वयाला गुणक १६, म्हणजे २४,१९,२०० रुपये. अंत्यविधी वगैरेची रक्कम वेगळी. हा आकडा माहीत नसलेली विधवा दोन लाखांवर तडजोडीची सही करून मोकळी होते.

दावा आपण राहतो त्या भागातील मोटार अपघात न्यायाधिकरणातही लावता येतो. मात्र २०१९ च्या दुरुस्तीत सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून तेरवी-चौदावीनंतर फार थांबू नये. रेल्वेतून पडून मृत्यू झाल्यास दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात जातो. त्याचे एक खंडपीठ नागपूरला आहे आणि मुदत एक वर्षाची आहे. मृत्यूची भरपाई ८ लाख रुपये आहे. प्रेताजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा बुडत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केले.

फी आधीच ठरवून घ्यावी. भरपाईत टक्केवारीचा वाटा ठरवणे वकिलांच्या नियमात बसत नाही. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि कामगार यांना १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा किंवा १५१०० क्रमांकावर फोन करावा.

बंधू-भगिनींनो, पदवीनंतर तीन वर्षांत एलएल.बी. होते. मग सनद घ्यावी, बार परीक्षा द्यावी आणि एखाद्या ज्येष्ठाच्या हाताखाली राहून पंचनामे वाचायला शिकावे. प्रत्येक वस्तीतून असा एक मुलगा किंवा मुलगी उभी राहिली, तर इस्पितळाच्या दारातला दलाल आपोआप हटेल.