वैनगंगेचा मोगली आणि लॉस एंजेलिसचे अरण्य

१/१३
लाडक्या ॲनिमे मालिकेवरून लाइव्ह-ॲक्शन चित्रपट निघाला की एक वाद ठरलेलाच असतो: चित्रपट मालिकेशी प्रामाणिक राहिला का? मोगलीच्या बाबतीत हा प्रश्न अपुरा पडतो. त्याच्या कथेतील नदी काल्पनिक नाही. ती वैनगंगा आहे आणि गोंदिया जिल्ह्याच्या सीमेवरून आजही वाहते.

२/१३
निप्पॉन ॲनिमेशन या जपानी संस्थेची ५२ भागांची ही मालिका जपानमध्ये १९८९-९० मध्ये दाखवली गेली. १९९३ मध्ये ती दूरदर्शनवर हिंदीत आली. गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाज यांचे संगीत लाभलेले शीर्षकगीत मूळ जपानी मालिकेत नव्हते. शेरखानाला लाभलेला नाना पाटेकरांचा आवाजही नव्हता. म्हणजे या पिढीच्या स्मरणातली मालिका जितकी जपानी, तितकीच भारतीय आहे.

३/१३
मालिका स्वतःच एक रूपांतर होती. मुंबईत ३० डिसेंबर १८६५ रोजी जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने ‘द जंगल बुक’ (१८९४) लिहिले ते अमेरिकेतील व्हरमाँट या हिमाच्छादित प्रांतात. सिवनीचे अरण्य त्याने प्रत्यक्ष पाहिले नव्हते, असेच अभ्यासक मानतात. त्याच्या वर्णनामागे रॉबर्ट स्टर्नडेल या अधिकाऱ्याच्या सिवनीवरील १८७७ च्या पुस्तकाचा आधार सांगितला जातो. ‘मोगली’ हा शब्दही त्याने स्वतः घडवला. कथेत त्याचा अर्थ ‘बेडूक’ असा दिला असला, तरी कोणत्याही भारतीय भाषेत तो अर्थ नाही.

४/१३
नदी मात्र खरी. सिवनी जिल्ह्यात उगम पावून ती बालाघाटमार्गे येते, तिरोडा तालुक्याच्या कडेने भंडाऱ्याकडे वळते आणि पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते. किपलिंगच्या काळी सिवनी, बालाघाट आणि भंडारा हे तिन्ही जिल्हे मध्य प्रांतातच होते. आजची राज्यसीमा १९५६ ची, तर भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ चा. तेव्हा ‘मोगलीचे जंगल मध्य प्रदेशात’ हे विधान आजच्या नकाशापुरतेच खरे आहे.

५/१३
प्राण्यांची साक्षही तीच. किपलिंगच्या ‘रेड डॉग’ कथेत दख्खनकडून रानकुत्र्यांची टोळी येते आणि वैनगंगेच्या घळीत संहार होतो. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात (स्थापना २०१३) रानकुत्रे आजही कळपाने शिकार करतात. मात्र कथेतील हा खलनायक आता जगभर संकटग्रस्त मानला जातो.

६/१३
येथे ॲनिमे आणि लाइव्ह-ॲक्शन यांतला भेद महत्त्वाचा ठरतो. रेखाटलेले अरण्य आपण रेखाटलेले आहोत, हे लपवत नाही. पाहणारे मूल त्यात आपल्या गावचे झाड, आपला नाला, आपली नदी भरून घेते. लाइव्ह-ॲक्शनचा दावा निराळा: ‘हे असेच आहे.’ असा दावा करणाऱ्यावर त्या स्थळाचे ऋण चढते.

७/१३
ते ऋण फारसे कोणी फेडले नाही. झोल्टान कोर्डाच्या १९४२ च्या चित्रपटात म्हैसूर संस्थानातील माहुताचा मुलगा साबू मोगली झाला. अरण्य मात्र कॅलिफोर्नियात उभारले गेले. २०१६ मध्ये जॉन फाव्हरोने लॉस एंजेलिसमधील स्टुडिओत नील सेठी या बालकलाकाराभोवती जवळजवळ सारे अरण्य संगणकावर निर्माण केले. त्याला दृश्य-परिणामांचे ऑस्करही मिळाले.

८/१३
हा चित्रपट मालिकेचे नव्हे, डिस्नेच्या १९६७ च्या ॲनिमेशनपटाचे रूपांतर होता, हा आक्षेप कागदोपत्री योग्य आहे. परंतु भारतात त्याच्या प्रसिद्धीसाठी दूरदर्शनचेच गीत नव्याने ध्वनिमुद्रित झाले आणि हिंदी आवृत्तीत शेरखानाला पुन्हा नाना पाटेकरांनीच आवाज दिला. ज्या आठवणींवर तिकिटे विकली गेली, त्या मालिकेच्या होत्या. त्यामुळे तुलना अपरिहार्य ठरते.

९/१३
चित्रपटकर्त्यांनी तपशिलांची काळजी घेतली नाही, असेही नाही. १९६७ चा किंग लुई ओरांगउटान होता आणि ओरांगउटान भारतात आढळत नाही. म्हणून २०१६ मध्ये त्याला जायगँटोपिथेकस या नामशेष महाकाय कपीचे रूप दिले गेले. वानराच्या वास्तव्याची चौकशी झाली. अरण्यात राहणाऱ्या माणसांची झाली नाही.

१०/१३
किपलिंगच्या कथेत मेसुआ आहे, बलदेव शिकारी आहे, गोंड आहेत. त्याची नजर वसाहतवादी होती यात शंका नाही. पण माणसे त्याच्या कथेत होती आणि अखेरीस मोगली माणसांकडेच परततो. २०१६ च्या चित्रपटात गाव म्हणजे दुरून दिसणारी आग. मोगली ती आणतो, रान पेटते, आणि शेवटी तो अरण्यातच राहतो. मनुष्यविरहित अरण्य शुद्ध, मनुष्य म्हणजे केवळ वणवा: ही कल्पना झाडीपट्टीच्या इतिहासाला छेद देणारी आहे.

११/१३
नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय निसर्गदत्त नाही. परंपरा त्याची निर्मिती कोलू पाटील कोहळी यांच्या नावे सांगते. तलाव बांधणे ही कोहळी समाजाची ख्यातीच होती. ज्या पाण्यावर पक्षी उतरतात आणि वन्यप्राणी तहान भागवतात, ते माणसाने अडवले आहे. हा चित्रपट भारतात ८ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. तो मोहफुलांचा हंगाम. त्या दिवसांत झाडीतील बायाबापडे पहाटेच्या अंधारात टोपली घेऊन मोहाखाली जातात आणि त्याच फुलांसाठी अस्वलही तेथे येते. खरा बाळू आणि खरी मेसुआ यांची गाठ तेथे पडते. ती गाठ धोक्याची असते, आणि त्या बाईची चूल व अस्वलाचे पोट एकाच झाडावर अवलंबून असतात. मोगलीच्या कथेचे सारे नाट्य त्या एका झाडाखाली आहे. कोणत्याही पडद्यावर ते आलेले नाही.

१२/१३
कल्पनारम्य कथेकडून समाजशास्त्राची अपेक्षा का, असे कोणी विचारील. शिवाय संगणकीय प्राण्यांमुळे जिवंत प्राण्यांना राबवावे लागले नाही, हा लाभही खराच. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात कॅमेरे नेण्याची मागणी कोणी करू नये. वाघ संगणकाचाच असू द्यावा. पण चेहरे, बोली, तलाव, मोह यांना संगणकाची गरज नसते. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’त आणि मारुती चितमपल्लींनी ‘नवेगावबांधचे दिवस’मध्ये हे अरण्य मराठी गद्यात आणून दाखवले आहे. दिवाळीनंतरच्या मंडईत रात्रभर नाटक पाहणारा झाडीपट्टीचा प्रेक्षक आणि तेथील नटही तयार आहेत. दंडारीपासून रंगमंचीय नाटकापर्यंत आलेल्या या भूमीला रूपांतर म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही.

१३/१३
म्हणून पुढचा मोगली पडद्यावर येईल तेव्हा ‘मालिकेतल्यासारखा दिसतो का’ यापूर्वी दुसरा प्रश्न विचारला जावा: तो वैनगंगेकाठच्या मुलासारखा बोलतो का? जपानी चित्रकारांनी नदी कागदावर काढली आणि ती भारतीय मुलांची झाली. अमेरिकी तंत्रज्ञांनी ती हुबेहूब घडवली, आणि तिच्या काठचे लोकच त्यातून नाहीसे झाले. हुबेहूब असणे आणि खरे असणे यांत जे अंतर आहे, ते तिरोड्याच्या घाटावर उभे राहिले की स्पष्ट दिसते.

#थ्रेड #इतिहास #गोंदिया #झाडीपट्टी #जंगलबुक