दात न पाहता घेतलेला बैल

मार्गशीर्षातल्या माळेगावच्या यात्रेत खंडोबाचे दर्शन उरकून लाल कंधारी गोऱ्ह्यांच्या दावणीकडे वळणारा आमच्या लोहा तालुक्यातला शेतकरी शिंगांच्या रंगाला आणि गळ्यातल्या घुंगुरमाळेला भुलत नाही. तो आधी जबडा उघडून दात मोजतो, खुरांवरून हात फिरवतो, चार पावले चालवून पाहतो, आणि मगच मोल विचारतो. हाच चोखंदळ गृहस्थ मुलासाठी जुना लॅपटॉप घ्यायला नांदेडला जातो, तेव्हा मात्र झाकणाची चकाकी आणि ‘आय सेव्हन’ अशी चिकटपट्टी पाहून तीस हजार मोजून मोकळा होतो, याचे मला फार दिवस नवल वाटत असे.

ते नवल ओसरले शेजारच्या एका घरातला व्यवहार जवळून पाहिल्यावर. चिरंजीवांना खेळायचे होते ‘जीटीए फाइव्ह’ आणि ‘काउंटर स्ट्राइक टू’; वडिलांकडे अर्ज गेला तो ‘अभ्यासासाठी’ या शेऱ्यानिशी. वडिलांनी तोच शेरा दुकानदारापुढे ठेवला, आणि दुकानदाराने, त्याच्या बाजूने पाहता अगदी सचोटीने, कुठल्याशा कंपनीने काही वर्षे वापरून काढून टाकलेला कचेरीचा लॅपटॉप त्यांच्या हाती दिला. यंत्र मजबूत, कळफलक सुरेख. पण त्यात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नव्हते, म्हणून दृश्ये रंगविण्याचा सारा भार प्रोसेसरवरच पडला, आणि पडद्यावरची मोटार पहिल्याच वळणाला अडखळू लागली. वर्षाच्या आत घरात दुसऱ्या लॅपटॉपची बोलणी सुरू झाली.

दोष यंत्राचा नव्हता, अर्जातल्या असत्याचा होता. ज्या माळेगावात कुस्तीच्या फडाभोवती बापलेक खांद्याला खांदा लावून उभे राहतात, त्याच मुलुखात पडद्यावरच्या खेळाला अभ्यासाचा बुरखा घालावा लागतो, आणि त्या बुरख्याची किंमत अखेर बापाच्याच खिशातून जाते. नुसते ‘खेळासाठी’ म्हणूनही भागत नाही. खेळाचे नाव घ्यावे. कारण ‘व्हॅलोरंट’ किंवा २००५ साली संगणकावर आलेला ‘सॅन अँड्रियास’ एवढीच हौस असेल, तर तोच कचेरीचा लॅपटॉप ती निभावतो आणि दहा-पंधरा हजार वाचतात.

आता दातांविषयी. ‘आय सेव्हन’ हे घराण्याचे नाव झाले. वय कळते ते त्यापुढच्या आकड्यावरून. ६६०० यू म्हणजे सहावी पिढी, दोनच गाभे (कोअर) आणि विजेची काटकसर. ८३०० एच म्हणजे आठवी पिढी, चार गाभे आणि अंगात जोर, मग त्यावर ‘आय फाइव्ह’ असे का लिहिलेले असेना. शिवाय विंडोज १० चा सांभाळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला असून विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीखालचे प्रोसेसर सहसा स्वीकारत नाही. ग्राफिक्स कार्डालाही दात असतात: जीटीएक्स १०५० टीआय अजून चालते, पण त्या पिढीला नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर देणे एनव्हिडियाने २०२५ च्या ऑक्टोबरातच बंद केले, २०१९ च्या १६५० चे तसे नाही, म्हणून थोडे अधिक पैसे पडले तरी माझा कौल त्यालाच.

चालवून पाहणे तर सर्वांत महत्त्वाचे. वैशाखात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, आणि धुळीने पंखा तुंबलेला लॅपटॉप तापला की जीव वाचविण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. पाच मिनिटांच्या प्रात्यक्षिकात हे लक्षातही येत नाही, म्हणून दुकानातच अर्धा तास खेळ चालू ठेवावा. बॅटरीची फार चिकित्सा नको, कारण असे खेळ भिंतीच्या विजेवरच खेळायचे असतात. मात्र चार्जर त्या यंत्राचाच असावा. १३५ वॉटच्या जागी ६५ वॉटचा गळ्यात मारणारे महाभाग बाजारात आहेत. आणि अनुक्रमांक लिहिलेली पावती घेतल्यावाचून पैसे देऊ नयेत. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि ‘मला ठाऊक नव्हते’ हे सांगताना हाती दस्तऐवज असलेला बरा.

शेजारचे गृहस्थ दुसऱ्यांदा गेले तेव्हा मी सोबत होतो. या खेपेस त्यांनी दुकानदाराला सरळ सांगितले, “पोराला गेम खेळायचेत, तसलंच काहीतरी दाखवा.” दुकानदाराने समोरची चळत बाजूला सारली आणि मागच्या फळीवरून एक जाडजूड, काळेकुट्ट यंत्र काढले. मुलगा खेळायला बसला. वडील घड्याळाकडे पाहत होते, आणि मधूनमधून, बैलाच्या वशिंडावरून फिरवावा तसा, लॅपटॉपच्या बुडाखाली हात घालून ऊन किती लागते ते पाहत होते.