‘मुंबईला न्या’ हे आता ऐकून घेणार नाही

आम्ही वसई-विरारकर. अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातले, नालासोपारा पूर्वेच्या चाळींतले, वालीवच्या गाळ्यांत राबणारे, पेल्हारच्या पाड्यांवरचे. आमच्यात आशाताई आहेत, सिस्टर आहेत, डॉक्टर आहेत, आणि आजारी माणूस रिक्षात घालून रात्रभर दारं ठोठावलेले नातेवाईक तर घरोघरी आहेत. ‘इथे सोय नाही, मुंबईला न्या’ हे उत्तर आम्हाला यापुढे मान्य नाही. म्हणून ही चळवळ.

2009 मध्ये चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावं जोडून महापालिका झाली. 2011 च्या जनगणनेत इथे बारा लाखांवर माणसं होती. 2021 ची गणना लांबली, इमारती काही थांबल्या नाहीत. वसईचं सर डी. एम. पेटिट, नालासोपाऱ्याचं तुळींज ही पालिकेची रुग्णालयं. तिथले कर्मचारी जिवापाड राबतात आणि ही चळवळ त्यांच्याविरुद्ध नाही. तरीही गंभीर रुग्ण निघतो तो कांदिवलीच्या शताब्दीला, नायरला, परळच्या केईएमला. महामार्ग तुंबलेला असला तर रुग्णवाहिकेचा सायरन नुसता वाजत राहतो. अर्नाळा किल्ला आणि पाणजू ही तर बेटंच. तिथल्या बाईला कळा सुरू झाल्या की आधी होडी शोधायची.

23 एप्रिल 2021 च्या पहाटे विरारच्या एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली. 13 कोविड रुग्ण त्या पहाटे गेले. त्यांच्या घरच्यांनी बेड मिळाला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला असेल. आमची पहिली मागणी त्या पहाटेतून आली आहे: शहरातल्या प्रत्येक रुग्णालयाचा अग्निसुरक्षा तपासणी अहवाल दर्शनी भागात लावा. ज्याच्याकडे तो नाही, त्याला रुग्ण भरती करण्याचा अधिकार नाही.

कायदे नाहीत असं नाही. शुश्रूषागृहांच्या 2021 च्या सुधारित नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावणं बंधनकारक आहे. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. पण डिपॉझिट मागणाऱ्या काउंटरसमोर उभ्या असलेल्या माणसाला हे सांगायला कुणी नसतं. यापुढे आमचा कार्यकर्ता तिथे असेल.

भोर समितीने 1946 मध्येच म्हटलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांवाचून राहू नये. 2017 च्या राष्ट्रीय धोरणाने 2025 पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं. ते वर्ष उलटलं, अडीच टक्के झाले नाहीत. दिल्लीत अडलेला पैसा इथल्या औषधखिडकीवर जाणवतो, तिथे चिठ्ठी बाहेरच्या मेडिकलची मिळते. आणि असंही नाही की मार्ग ठाऊक नाही. 1970 पासून जामखेडला आरोळे दाम्पत्याने, पुढे गडचिरोलीत बंग दाम्पत्याने गावातल्याच बायकांना शिकवून बालमृत्यू खाली आणले. महाराष्ट्राने जगाला दाखवलेली ही गोष्ट मुंबईच्या वेशीवर का होऊ नये?

प्रत्येक प्रभागात संध्याकाळीही उघडा असणारा दवाखाना हवा, कारण इथला माणूस सकाळच्या लोकलने जातो आणि रात्री परततो. शहरात अपघात, हृदयविकार आणि नवजात बाळांसाठी चोवीस तास चालणारं सार्वजनिक रुग्णालय हवं. बेटांसाठी रुग्णवाहिका-बोट हवी. आशाताईंना मानधनाऐवजी पगार हवा. आणि तुंबलेली गटारं, टँकरचं पाणी हा आमच्या लेखी आरोग्याचाच प्रश्न आहे. जुलै 2018 मध्ये दिवसचे दिवस पाण्यात राहिलेल्या वसईला डेंग्यू, लेप्टो वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत.

पालिकेच्या अंदाजपत्रकातला आरोग्याचा प्रत्येक रुपया आम्ही प्रभागसभेत वाचून दाखवू आणि त्याचा हिशेब मागू. तुमच्याकडचे केसपेपर, बिलं, नाकारल्याच्या चिठ्ठ्या जपून ठेवा आणि सभेला घेऊन या.