पर्जन्यछायेतील पाऊस तासांत मोजावा

महाबळेश्वरी वर्षाकाठी ५,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस १०० किलोमीटरच्या आत असलेल्या माण तालुक्याच्या वाट्याला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास येतो. ही तफावत सह्याद्रीमुळे आहे, हे शाळकरी मुलेही जाणतात. परंतु पर्जन्यछायेत पाऊस कमी, म्हणून तो सौम्यही असणार, हा समज आपल्या नियोजनात नकळत शिरला आहे आणि तो महागात पडत आहे.

घाटमाथ्यावर समुद्री वारे वर चढतात व दिवसेंदिवस संततधार लागते. घाट ओलांडून खाली उतरणारी हवा तापते, कोरडी होते. म्हणून जुलैत पठारावर ढग दिसतात, पण बरसत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चित्र पालटते. बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या बाष्पाला पूर्व घाटाच्या तुटक रांगा फारशा अडवीत नाहीत. तापलेल्या पठारावर ते पोहोचले की उंच ढग उभे राहतात आणि काही तासांत रिते होतात. १३ ऑक्टोबर २०२० रोजी काकीनाड्याजवळ किनारा ओलांडलेला कमी दाबाचा पट्टा दुसऱ्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यावर कोसळला. भीमेला पूर आला. सप्टेंबर २०२५ मध्ये बालाघाटच्या उतारांवरचे पाणी भूम-परांड्यातील ओढ्यांतून सीनेत उतरले आणि नदीकाठच्या जमिनी खरडून गेल्या.

अतिवृष्टी ठरविण्यासाठी महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर हा निकष सर्वपरिचित आहे. माझ्या मते अवर्षणप्रवण भागात तो अपुरा आहे. दिवसभरात झिरपत पडलेला ५० मिलिमीटर पाऊस रब्बी ज्वारीला वरदान ठरतो. तोच एका तासात पडला, तर हेक्टरी पाच लाख लिटर पाणी साचते, आणि ओल्या काळ्या जमिनीत तासाला काही मिलिमीटरच मुरते. उरलेले पाणी सुपीक थर घेऊन निघून जाते. दोन्ही दिवशी नोंद एकच: ५० मिलिमीटर.

स्वयंचलित हवामान केंद्रे आता मंडळनिहाय उभी आहेत. त्यांच्या तासागणिक नोंदी कृषी सहायकापर्यंत नियमित पोहोचल्या पाहिजेत आणि निकषातही त्यांना स्थान मिळाले पाहिजे. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्राने १९३३ पासून तुटपुंजे पाणी अडविण्याचे शास्त्र दिले. बांधबंदिस्ती, रुंद सरी वरंबा ही त्याच परंपरेतील कामे. जादा पाणी बिनधोक बाहेर काढण्याकडे मात्र शेतावर दुर्लक्ष होते. बांध उंच, पण सांडवा अरुंद किंवा मातीने बुजलेला, असे शिवार ठिकठिकाणी आढळते. वरचा एक बांध फुटला की खालचे चार त्याच्याबरोबर जातात. सांडव्याची रुंदी वार्षिक सरासरीवर नव्हे, तर मंडळातील सर्वाधिक तासाभराच्या पावसावर आखावी. मुखाशी दगडी पिचिंग करावे, आणि ही डागडुजी पोळ्यापूर्वी उरकावी. परतीचा पाऊस त्यानंतर फार वेळ देत नाही.