जकातीचा आसूड

आयात मालावरील जकात हे महसुलाचे आणि देशी उद्योगाच्या संरक्षणाचे साधन होय, असे अर्थशास्त्र मानत आले. शेजारी राष्ट्राने आपल्या सरहद्दीवर किती शिपाई उभे करावेत हे ठरविण्यासाठीही ते वापरता येते, हा धडा अमेरिकेने घालून दिला आहे. ३० मे २०१९ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी मेक्सिकोतून येणाऱ्या सर्व मालावर १० जूनपासून ५ टक्के जकात बसविण्याची आणि स्थलांतरितांचा ओघ न थांबल्यास ती ऑक्टोबरपर्यंत २५ टक्क्यांवर नेण्याची घोषणा केली. ७ जूनला समझोता झाला. जकात टळली, परंतु मेक्सिकोचे सैनिक ग्वाटेमालाच्या सरहद्दीवर रवाना झाले. एका गरीब देशाला त्याहून गरीब शेजाऱ्यांच्या वाटेवरील पहारेकरी करण्यात आले.

जानेवारी २०२५ मध्ये हद्दपार नागरिकांना आणणारी लष्करी विमाने कोलंबियाने परत पाठविली, तेव्हा २५ टक्के जकातीच्या धमकीने त्या देशाला एका दिवसात माघार घ्यावी लागली. पुढील महिन्यात मेक्सिकोने १०,००० सैनिक उत्तर सरहद्दीवर पाठविण्याचे मान्य केले. त्याबदल्यात मिळाली ती केवळ महिन्याची मुदत. ४ मार्चला जकात लागू झालीच आणि काही दिवसांतच तिचा मोठा भाग मागे घ्यावा लागला.

ही धमकी चालते, कारण मेक्सिकोच्या निर्यातीपैकी सुमारे चार-पंचमांश माल अमेरिकेत जातो. हे परावलंबन आपोआप आलेले नाही. १९९४ साली अमलात आलेल्या उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार कराराने मालाला आणि भांडवलाला सरहद्द खुली केली, श्रमिकाला नाही. त्याच वर्षी सॅन दिएगोजवळ अमेरिकेने सरहद्दीवरील पहारा कडक केला. सरकारी अनुदानावर पोसलेला अमेरिकन मका मेक्सिकोच्या बाजारात उतरला आणि तेथील लहान शेतकऱ्याच्या संसाराचा आधार खचला. ज्याचा मका विकला जाईना, तो आपले श्रम विकण्यासाठी उत्तरेकडे निघाला. आज त्यालाच घुसखोर म्हटले जाते.

२०१९ च्या समझोत्यानंतर सरहद्दीवरील अटकांची संख्या घटली, हे खरे. परंतु आश्रय मागणाऱ्यांची गरज त्यामुळे नाहीशी झाली नाही. ते माटामोरोससारख्या शहरांत तंबूंत दिवस काढू लागले आणि २०२१ मध्ये हा आकडा पुन्हा चढला. जकात प्रत्यक्ष बसली तर हुआरेझच्या कारखान्यांतील कामगार बेकार होणार आणि त्याच सरहद्दीकडे वळणार. अमेरिकेत ती आयातदार भरतो व तिचा मोठा वाटा किमतीत चढवितो. आसूड उगारला जातो सरकारवर, वळ उठतात ते दोन्हीकडच्या श्रमिकांच्या पाठीवर.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरला उतरलेल्या अमेरिकन लष्करी विमानात १०४ भारतीय होते, अनेकांच्या हातापायांत बेड्या होत्या. त्यांत महाराष्ट्राचे तिघे होते. बेड्या घालण्याची ही पद्धत २०१२ पासूनचीच असल्याचे आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितले. ज्याच्या बाजारावर आपला व्यापार विसंबून आहे त्याच्यापुढे आवाज किती खाली येतो, हे त्या उत्तरावरून समजावे.

फेब्रुवारी २०२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या आणीबाणीविषयक कायद्याखाली अध्यक्षांना जकात बसविता येत नाही असा निर्णय दिला. एक हत्यार काढून घेतले गेले. ते उगारणारी विषमता तशीच आहे. समाजवादी चळवळीचा जकातीला सरसकट विरोध नाही. शेतकऱ्याच्या व नवजात उद्योगाच्या रक्षणासाठी ती आवश्यकच आहे. परंतु दुबळ्या राष्ट्राला परक्या सरहद्दीचा शिपाई बनविणाऱ्या जकातीला कामगारहिताचे नाव दिले जात असेल, तर कार्यकर्त्यांनी ते खोडून काढले पाहिजे. व्यापाराच्या प्रत्येक करारात माल आणि भांडवल यांच्याबरोबर श्रमिकाच्या हक्कांचे कलम असलेच पाहिजे, ही मागणी आपल्याही सरकारपुढे ठामपणे मांडण्याची वेळ आली आहे.