नीतिसूत्रांचे धोंडे

अहिल्यानगर जिल्ह्यातील एका कोरडवाहू गावी, कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्याच्या घरी मी सांत्वनासाठी गेलो होतो. प्रार्थनेच्या वेळी एका सज्जनांनी नीतिसूत्रांतील आळशी माणसाविषयीचा उतारा मोठ्याने वाचला आणि 'देवाचा शब्द खोटा ठरत नाही' अशी पुस्ती जोडली. त्या विधवेने पदर तोंडावर ओढला. बंधुभगिनींनो, देवाचा शब्द खरा आहे. परंतु त्या दिवशी त्याचा आपण धोंडा केला.

ज्ञानग्रंथांतील सूत्र हे कायद्याचे कलम नव्हे. आपल्या घरांत 'प्रयत्नांती परमेश्वर' म्हणतात, तसेच 'दैव देते आणि कर्म नेते' असेही म्हणतात. कोणती म्हण कोठे योजावी, हे आजीला नेमके कळते. नीतिसूत्रांच्या २६व्या अध्यायात मूर्खाला त्याच्या मूर्खपणास अनुसरून उत्तर देऊ नये असे सांगून, लगेच पुढच्या वचनात उत्तर द्यावे असे सांगितले आहे. ग्रंथकर्ता विसराळू नव्हता. प्रसंग ओळखणे हेच शहाणपण, हे त्याला शिकवावयाचे होते.

कोणी म्हणेल, 'उद्योगी हात धनवान करतो, असे शास्त्रच सांगते ना?' सांगते. परंतु गरिबाच्या शेतात धान्य पुष्कळ पिकते आणि अन्यायापायी ते हातचे जाते, असे त्याच ग्रंथाचा १३वा अध्याय सांगतो. ते वचन आपण का वाचत नाही? १९७२च्या दुष्काळात रणरणत्या उन्हात खडी फोडणारे हात आळशी होते काय? पाथर्डी-जामखेडकडून कोयता घेऊन ऊसतोडीला निघणारी कुटुंबे आळशी आहेत काय?

म्हणूनच पवित्र शास्त्रात नीतिसूत्रांच्या सोबतीला ईयोब आहे. त्याचे मित्र जणू पाठ केलेली सूत्रेच त्याला ऐकवीत होते. अखेरीस देवाचा कोप भडकला तो त्यांच्यावर. लेखनाचा प्रकार ओळखावा आणि संपूर्ण शास्त्राचे ऐक्य ध्यानी घ्यावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले, ते अशाच वाचनासाठी.

त्या मित्रांनी एक गोष्ट मात्र उत्तम केली. आरंभीचे सात दिवस ते ईयोबाजवळ जमिनीवर निःशब्द बसून राहिले. बेनसिराही रडणाऱ्यांकडे पाठ फिरवू नये, असे बजावतो. आळसाचे सूत्र प्रत्येकाने पहाटे स्वतःसाठी वाचावे. दुःखाच्या घरी जाताना ग्रंथ मिटलेला असू द्यावा, आणि आधी त्या माउलीपाशी खाली बसावे.